आवाजावरून ओळखायचा बेडूक

अमेरिकेच्या पूर्व भागातल्या घरांभोवती दिसणारे बरेचसे प्राणी एका बऱ्या फोटोवरून ओळखता येतात. लालभडक कार्डिनल, गालांत दाणे कोंबणारा चिपमंक, कचऱ्याचा डबा उलटवणारा रॅकून यांची ओळख पटवायला तज्ज्ञ लागत नाही. राखाडी झाडबेडूक मात्र या बाबतीत हट्टी आहे. फोटो कितीही स्वच्छ येऊ दे, बोटांच्या टोकांवरच्या चकत्या मोजता येतील इतका येऊ दे, देशाच्या मोठ्या पट्ट्यात त्या फोटोवरून त्याची जात सांगता येत नाही. कारण हा एक बेडूक नाही, दोन आहेत. दिसायला तंतोतंत सारखे. दोघांतला फरक कातडीवर कुठेच नाही. तो आहे हाकेत, आणि हाकेच्याही मागे पेशींच्या आत. कॅमेरावाल्यांचा हा इतका लाडका प्राणी, पण त्याचे नाव कळायचे तर कान लागतात.

नावाचा घोळ पुढे सोडवू. आधी बेडूक सापडायला हवा.

तो लहान आहे, अंगठ्याच्या पेराहून थोडा मोठा. लांबी साधारण तीन ते पाच सेंटिमीटर, मादी नरापेक्षा जरा भरदार. कातडी किंचित खरखरीत, त्यामुळे पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो भेक (टोड) वाटू शकतो. पाठीवर गडद रंगाचा वेडावाकडा डाग असतो. डोळ्याच्या बरोबर खाली एक फिकट, जवळजवळ चौकोनी ठिपका असतो. अंगाचा रंग कोणताही असो, हा ठिपका शोधायचा. मागच्या मांड्यांच्या आतल्या बाजूला झळझळीत पिवळा-नारिंगी रंग असतो. बसलेल्या बेडकात तो झाकलेला राहतो आणि उडी मारताना क्षणभर चमकतो. पाठलाग करणाऱ्याची नजर त्या चमकेवर जावी, आणि बेडूक खाली बसताच ती चमक नाहीशी होऊन त्याने गोंधळून जावे, असा त्याचा उपयोग मानतात.

कोकणात राहिलेल्या कुणालाही हे वर्णन वाचून न्हाणीघरातला झाडबेडूक आठवेल. पावसाळा सरला की ओलाव्याच्या शोधात तो घरात येतो, बादलीमागे नाहीतर खिडकीच्या चौकटीत चिकटून बसतो, आणि दिवा लावल्यावर पाहुण्यांची किंकाळी ऐकतो. त्याचे शास्त्रीय नाव पॉलिपिडेट्स मॅक्युलेटस. सवयी बऱ्याच जुळतात, बोटांच्या चकत्याही तशाच, पण दोघांचे नाते फार दूरचे. आपला झाडबेडूक रॅकोफोरिडी कुळातला. अमेरिकेतला हायलिडी कुळातला. या हायलिडी कुळाचे बेडूक भारतात फक्त ईशान्येकडे आढळतात, महाराष्ट्रात एकही नाही. झाडावर चढायच्या गरजेपोटी चिकट चकत्या बेडकांच्या अनेक कुळांत वेगवेगळ्या वेळी, स्वतंत्रपणे घडल्या. अंड्यांच्या बाबतीत मात्र दोघांचे मार्ग निराळे: आपला बेडूक पाण्याच्या काठाशी फेसाचे घरटे करतो, अमेरिकेतला अंडी सरळ पाण्यात सोडतो.

चकत्यांविषयी थोडे, कारण फोटोत त्या फार छान येतात. त्यांच्यावर गोंद नसतो. सूक्ष्मदर्शकाखाली तळव्यावर षटकोनी पेशींची फरसबंदी दिसते आणि पेशींमधल्या बारीक चरांतून पातळ श्लेष्म वाहतो. त्या ओल्या थराच्या पकडीवर बेडूक उभ्या काचेला धरून राहतो. शिवाय बोटाच्या शेवटच्या दोन हाडांमध्ये कूर्चेचा एक जादा तुकडा असतो. त्यामुळे बोट कसेही वळले तरी चकती पृष्ठभागावर सपाट टेकते.

घराभोवती हा बेडूक शोधताना झाडांकडे पाहत बसू नये. झाडावर तो सालीसारखाच दिसतो, आणि मेपलच्या उंच फांद्यांत तो असला काय, नसला काय, आपल्याला सारखेच. माणसाने केलेल्या वस्तूंवर तो चटकन उघडा पडतो. बार्बेक्यूच्या ग्रिलवरचे कव्हर उचलताना त्याच्या घड्या आधी बघाव्यात. डेकवरच्या मोठ्या छत्रीच्या मिटलेल्या पाकळ्या, पाण्याच्या नळीचे रीळ, मेलबॉक्स, पक्ष्यांसाठी टांगलेले लाकडी घरटे, खिडकीच्या शटरची मागची बाजू, कुंडीच्या काठाखालची खाच या सगळ्या त्याच्या दिवसाच्या झोपायच्या जागा. या जागांत साम्य एकच: अंधार, अरुंदपणा आणि थोडी ओल. बेडकाच्या कातडीतून पाणी सतत उडत असते. म्हणून दिवसा तो पाय पोटाखाली घेऊन, हनुवटी टेकवून, अंगाचा शक्य तेवढा भाग झाकून बसतो. एकदा जागा पसंत पडली की रात्री शिकारीला जाऊन पहाटे पुन्हा तिथेच येण्याची त्याला खोड आहे. ग्रिलच्या कव्हरखाली आज दिसला तर उद्याही दिसण्याची शक्यता बरीच, आणि फोटोग्राफरला याहून मोठी सवलत कुणी देत नाही.

डाउनस्पाउट, म्हणजे छपराच्या पन्हळीचे पाणी खाली आणणारा पत्र्याचा नळ, ही त्याची आणखी एक आवडती जागा. तिथून हाक दिली की ती नळात घुमते आणि तीन इंचांचा पाइप तीस फुटांच्या राक्षसासारखा बोलू लागतो. घरात काहीतरी यंत्र बिघडले असे वाटून लोक तळघरात जाऊन हीटर तपासतात.

ज्यांच्याकडे अशा खाचाखोचा नाहीत त्यांच्यासाठी शास्त्रज्ञांचीच युक्ती आहे. झाडबेडकांचा अभ्यास करणारे लोक दीड-दोन इंच व्यासाचे पांढरे पीव्हीसी पाइप साधारण दोन फुटांचे कापून झाडाच्या खोडाला उभे बांधतात किंवा जमिनीत रोवतात. बेडूक आपणहून आत येऊन राहतात. ना सापळा, ना आमिष. वाटेल तेव्हा आत, वाटेल तेव्हा बाहेर. प्लंबिंगच्या दुकानात काही डॉलरमध्ये मिळणारा हा पाइप ओढ्याकाठी किंवा तळ्याजवळच्या झाडाला बांधला, तर एका उन्हाळ्यात भाडेकरू मिळण्याची चांगली आशा असते. वरून डोकावताना तोंड फार जवळ नेऊ नये, इतकेच.

रात्रीचा पत्ता वेगळा. पोर्चच्या दिव्याभोवती पतंग आणि भुंगेरे जमतात, आणि त्यांच्यामागोमाग बेडूक. स्वयंपाकघराच्या मोठ्या काचेवर, सरकत्या दाराच्या चौकटीत, बाहेरच्या भिंतीच्या सायडिंगवर, दिव्यापासून हातभर अंतरावर तो टपून बसलेला असतो.

आता आवाज. मे महिना लागला, रात्रीचे तापमान पंधरा अंश सेल्सिअसच्या वर राहू लागले, आणि त्यात पाऊस पडून गेला, की नर तळ्याकाठी गोळा होतात. हाक म्हणजे एक छोटा, गोलसर, भरदार ‘टर्रर्रर्र’. तो अर्ध्या सेकंदापासून दोन-तीन सेकंदांपर्यंत टिकतो, मग थोडी विश्रांती, की पुन्हा. अमेरिकन भेकाची लकेर याहून खूप लांब असते, एका दमात अर्ध्या मिनिटापर्यंत जाते, त्यामुळे दोघांत गल्लत व्हायचे कारण नाही. खरी गल्लत होते ती दिवसा. पावसाआधीच्या दमट दुपारी झाडबेडूक उंच फांदीवरून सुटासुटा ओरडतो, आणि रेड-बेलीड वुडपेकर या सुतार पक्ष्याची हाक जवळजवळ तशीच असते. मुरलेले पक्षीनिरीक्षकही दुर्बीण घेऊन ओकच्या शेंड्यावर पक्षी शोधत राहतात आणि हाक देणारा बेडूक पानाआड बसून राहतो.

ही हाक नराला फार महाग पडते. जोरात आलेला नर तासाला हजाराच्या आसपास हाका देतो, आणि थंड रक्ताच्या प्राण्याला एवढे कष्ट म्हणजे कमालच. कनेक्टिकट विद्यापीठातल्या केंटवुड वेल्स आणि थिओडोर टायगेन यांनी १९८६ साली याचा हिशेब मांडला. आजूबाजूला स्पर्धक वाढले की नर हाक लांबवतो, पण तेवढ्या प्रमाणात हाकांची संख्या कमी करतो. एकूण खर्च जवळपास तेवढाच राहतो. लांबवायचे कारण असे की माद्यांना लांब हाक आवडते. मिसूरी विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवले की लांब हाक देणाऱ्या नरांची पिल्ले आखूड हाकवाल्यांच्या पिल्लांपेक्षा सरस निघतात. म्हणजे माद्यांची आवड केवळ हौस नाही. तळ्याकाठी काही नर मात्र तोंडही उघडत नाहीत. ते एखाद्या खणखणीत आवाजाच्या नराशेजारी गुपचूप बसतात आणि त्याच्याकडे निघालेल्या मादीला वाटेतच गाठायचा प्रयत्न करतात. फोटोत शेजारी-शेजारी बसलेले दोन नर आले आणि त्यातला एकच गळा फुगवत असेल, तर दुसऱ्याकडे संशयाने पाहायला हरकत नाही.

याच हाकेने दोन जातींचे गुपित फोडले. जॉन ईटन लेकाँट यांनी १८२५ साली या बेडकाचे शास्त्रीय वर्णन केले, त्याचे नाव वर्सिकलर. १८८० साली एडवर्ड ड्रिंकर कोप यांनी टेक्सासमधल्या नमुन्यांवरून क्रायसोसेलिस हे नाव दिले. डायनोसॉरच्या हाडांवरून ओथनिएल मार्शशी जन्मभर भांडलेले ते हेच कोप. हाडांच्या धामधुमीत त्यांना बेडकांसाठी वेळ कसा मिळाला हे एक आश्चर्यच, पण त्यांनी सरडे, साप, मासे, बेडूक सगळ्यांवर ढिगाने लिहिले. त्यांचा हा बेडूक पुढे बराच काळ वर्सिकलरच्याच पोटात जमा झाला, कारण दोघांत फरक दाखवणार कोण? टेबलावर ठेवलेल्या, अल्कोहोलमधल्या बेडकाला आवाज नसतो.

जिवंत बेडूक ऐकणाऱ्यांना मात्र टेक्सासमध्ये दोन सुरांच्या हाका ऐकू येत होत्या, एक संथ आणि एक द्रुत. क्लिफर्ड जॉन्सन यांनी दोन्ही सुरांच्या बेडकांचा संकर करून पाहिला आणि तो नीट जुळत नसल्याचे दाखवले. १९६०च्या दशकात दुसरी जात अधिकृतपणे पुन्हा उभी राहिली. कारण उलगडले १९७० साली. ॲरन वॉसरमन यांनी ‘सायन्स’मध्ये लिहिले की वर्सिकलरच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन नव्हे, चार संच आहेत. कोपच्या बेडकात चोवीस गुणसूत्रे, वर्सिकलरमध्ये अठ्ठेचाळीस. वनस्पतींमध्ये असे दुप्पट होणे नेहमीचेच. गव्हाचे, कापसाचे पूर्वज यातून गेले आहेत. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत ते दुर्मीळ, आणि घरामागच्या अंगणात सहज भेटणाऱ्या प्राण्यात तर फारच. चोवीस गुणसूत्रांच्या पूर्वजांतून अठ्ठेचाळीसवाला निर्माण झाला. दोघांचा संकर झालाच तर पिल्लाला तीन संच मिळतात आणि त्याची पुढची पिढी सहसा होत नाही. म्हणून मादीने चुकीच्या नराकडे जाणे तिला परवडणारे नसते, आणि म्हणूनच तिचे कान इतके तिखट.

मग आपण कसे ओळखायचे? प्रत्येक हाक हा बारीक ठोक्यांचा झुबका असतो. कंगव्याच्या दातांवरून नख सावकाश फिरवले तर एकेक दात वेगळा ऐकू येतो, भरभर फिरवले तर सगळे मिळून किर्र होते; दोन जातींतला फरक असाच. वीस अंश सेल्सिअसला वर्सिकलर सेकंदाला सुमारे वीस ठोके देतो, कोपचा बेडूक त्याच्या जवळजवळ दुप्पट. वर्सिकलरची हाक गोड आणि मऊ वाटते, कोपची करकरीत, थोडी नाकातली. मेख अशी की बेडूक गार झाला की ठोके मंदावतात. थंड रात्रीचा कोप उबदार रात्रीच्या वर्सिकलरच्या जवळ येतो. माद्यांना ही अडचण नाही, कारण तापमानाप्रमाणे त्यांची पसंतीही सरकते. मिसूरीच्या कार्ल गेरहार्ट यांनी हे १९७८ साली दाखवले. आपल्याला मात्र थर्मामीटर लागतो. फोनवर हाक रेकॉर्ड करावी, त्याच वेळी तापमान टिपून ठेवावे, आणि घरी येऊन आवाजाचा आलेख दाखवणाऱ्या एखाद्या मोफत ॲपमध्ये एका सेकंदातले ठोके मोजावेत. काम पाच मिनिटांचे आहे. या बेडकाच्या बाबतीत शंभर फोटोंना जे जमत नाही ते या पाच मिनिटांत जमते.

काही गावांच्या लोकांना एवढीही खटपट नको. बॉस्टनला किंवा न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्याच्या अंगणातला बेडूक वर्सिकलर, अटलांटातला कोपचा. न्यू जर्सीच्या अगदी दक्षिण टोकाकडे मात्र कोपचाही आहे. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिसूरीच्या बऱ्याच भागांत दोघे एकाच तळ्यावर ओरडतात. तिथला मुका फोटो ‘राखाडी झाडबेडूक, दोनपैकी एक’ एवढ्यावरच थांबतो, आणि आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर अशा नोंदींसाठी दोघांचा मिळून एक सामायिक गट ठेवलेला आहे. तिथे आवाजाची फाइलही जोडता येते. लोक ती जोडत नाहीत, आणि नंतर ओळख पक्की का होत नाही म्हणून कुरकुरतात.

रंगावर तर मुळीच भरवसा ठेवू नये. राखाडी म्हणवणारा हा बेडूक तपकिरी, जवळजवळ पांढरा, काळपट किंवा चक्क पोपटी हिरवा असू शकतो. त्याच्या कातडीत रंगपेशींचे थर असतात: वर पिवळ्या, त्याखाली प्रकाश परतवणाऱ्या, सगळ्यात खाली काळ्या मेलॅनिनच्या. काळे कण पेशीभर पसरले की अंग गडद होते, मध्यभागी गोळा झाले की फिकट. हे सगळे संप्रेरकांच्या हुकमाने चालते आणि त्याला काही मिनिटांपासून तासाभरापर्यंत वेळ लागतो. गारव्यात आणि अंधारात तो गडद, उबेत आणि उजेडात फिकट होतो. बसायच्या जागेचाही परिणाम होतो, पण तो दरवेळी जागेशी जुळतोच असे नाही. पांढऱ्या दरवाजावर हिरवा बेडूक बसलेला मीही पाहिला आहे, आणि त्याला त्याची काही फिकीर दिसली नाही. हिरव्या अवस्थेत दक्षिणेकडे त्याची ग्रीन ट्री फ्रॉगशी गल्लत होते. त्या बेडकाची कातडी गुळगुळीत असते, कुशीवरून बहुधा एक पांढरी पट्टी जाते, आणि डोळ्याखाली तो चौकोनी ठिपका नसतो.

एकाच बेडकाची रंगमालिका हा फोटोग्राफीचा झकास प्रकल्प आहे. दिवसा एका जागी बसणारा प्राणी, हातात वेळ, आणि बदल डोळ्यांदेखत. सकाळी गारव्यात एक, ऊन चढल्यावर एक, दुपारी एक, संध्याकाळी निघायच्या आधी एक. इथे फोन दगा देतो. तो प्रत्येक फोटोत रंग आपल्या मताने ‘सुधारतो’ आणि बेडकाने केलेला बदल पुसून टाकतो किंवा नसलेला बदल दाखवतो. व्हाइट बॅलन्स एकाच ठिकाणी बांधून टाकावा, आणि प्रत्येक वेळी एका कोपऱ्यात पांढऱ्या कागदाचा तुकडा येऊ द्यावा, म्हणजे नंतर रंग जुळवता येतात.

काचेवरचा बेडूक ही तर पर्वणी. पोट, मांड्यांचा नारिंगी रंग, चकत्या हे सगळे एरवी बेडूक हातात धरल्याशिवाय दिसत नाही. इथे तो स्वतःहून पोट दाखवत उभा असतो. घरातले दिवे बंद करावेत, लेन्स काचेला जवळजवळ टेकवावी, आणि प्रकाश बाहेरचा, पोर्चच्या दिव्याचा वापरावा. नाहीतर फोटोत बेडकाऐवजी आपला पायजमा येतो. काच आधी पुसायला बाहेर जाऊ नये, आवाजाने तो जातो. हनुवटीखाली कातडी काळपट असेल तर तो नर. मोसमात हाका देऊन देऊन त्याच्या गळ्याची कातडी सैल आणि गडद झालेली असते. मादीचा गळा पांढरा.

तळ्याकाठचा हाक देणारा नर टिपायचा तर पाय ओले होणारच. टॉर्च पाहून सगळे एकदम गप्प होतात. अशा वेळी दिवा विझवून, न हलता उभे राहावे. थोड्या मिनिटांत एखादा धीट सुरुवात करतो आणि मग बाकीच्यांना राहवत नाही. लाल उजेडाने त्यांना त्रास कमी होतो, म्हणून जुळवाजुळव लाल दिव्यात करावी आणि मग फ्लॅश मारावा. फुगलेल्या गळ्याचा फुगा पारदर्शक असतो. त्याच्या मागून तिरका प्रकाश दिला तर तो कंदिलासारखा उजळतो. ओल्या कातडीवर उघडा फ्लॅश पडला की पांढरे डाग उमटतात. फ्लॅशसमोर पातळ पांढरा फोम किंवा कापड धरले की ते बऱ्यापैकी मिटतात. नव्वद-शंभर मिलिमीटरची मॅक्रो लेन्स आदर्श, पण बेडूक जवळ येऊ देत असल्याने फोनही चालतो. फोकस डोळ्यावर, आणि कॅमेरा बेडकाच्या उंचीवर. उभ्या माणसाच्या उंचीवरून काढलेला फोटो पंचनाम्यासारखा दिसतो.

बेडूक उचलून सुंदर शेवाळावर ठेवायचा आणि मग ‘निसर्गात’ फोटो काढायचा, हा प्रकार आपल्याकडे आंबोलीत चालतो तसा अमेरिकेतही चालतो. काही महाभाग तर तो शांत बसावा म्हणून फ्रीजमध्ये गार करतात. मला या फोटोंत कधीच गोडी वाटली नाही. ग्रिलच्या गंजक्या मुठीवर चिकटून बसलेला बेडूक शेवाळावरच्या बेडकापेक्षा कितीतरी जास्त सांगतो: तो कुठे राहतो, काय चालवून घेतो, माणसाशी त्याचे कसे जमते. हातात घ्यायचाच झाला तर हात साध्या पाण्याने ओले करावेत. डासांचे औषध किंवा सनस्क्रीन लावलेल्या हाताने मुळीच धरू नये, ती रसायने त्याच्या कातडीतून सरळ आत जातात. उलट त्याच्या कातडीतला स्राव आपल्या डोळ्यांना झोंबतो. घरातल्या पोरांना हात धुवायला लावणे दोघांच्याही हिताचे.

अंडी-पिल्लांसाठी तळे शोधत फिरायची गरज नाही. पोहण्याच्या तलावावर हिवाळाभर टाकलेल्या कव्हरवर साचलेले पाणी त्यांना मनापासून आवडते, कारण त्यात मासे नसतात. मादी एका वेळी दोन हजारांपर्यंत अंडी घालते, ती छोट्या-छोट्या झुबक्यांत पाण्यातल्या काड्यांना चिकटलेली असतात. थोड्या दिवसांत त्यांतून बेडकाची पिल्ले, म्हणजे भैकेर बाहेर पडतात. पाण्यात चतुराच्या अळ्या असल्या तर एक नवल घडते: भैकेरांचे शेपूट रुंद होते आणि त्यावर लालबुंद रंग चढतो. अळीचा हल्ला डोक्याऐवजी शेपटावर ओढला जावा असा त्यात फायदा आहे, कारण शेपूट थोडे फाटले तरी भैकेर वाचतो. शिकारी नसलेल्या पाण्यात तीच पिल्ले फिकी राहतात. पांढऱ्या बशीत थोडे पाणी घेऊन दोन ठिकाणच्या भैकेरांचे फोटो शेजारी ठेवले तर हा फरक कुणालाही दिसतो. नंतर जिथले भैकेर तिथल्या पाण्यात परत. लॉनवर तणनाशक फवारणाऱ्यांनी मात्र साचलेल्या पाण्यापासून लांब राहावे. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या रिक रेलिया यांनी २००५ साली दाखवले की ग्लायफोसेटचे एक सर्रास वापरले जाणारे तणनाशक पाण्यात पडले की या बेडकाच्या भैकेरांसकट बहुतेक सगळे भैकेर मरतात.

हिवाळ्यात हा बेडूक कुठे जातो हे विचारणारे खूप, आणि उत्तरावर विश्वास ठेवणारे थोडे. तो चिखलात खोल जात नाही. पालापाचोळ्याखाली, जमिनीला लागून बसतो आणि गोठतो. मिनेसोटातल्या विल्यम श्मिड यांनी १९८२ साली ‘सायन्स’मध्ये हे नोंदवले. अंगातले चाळीस टक्क्यांच्या आसपास पाणी बर्फ होते, हृदय थांबते, श्वास थांबतो, हात लावला तर अंग कडक लागते. यकृतात बनलेले ग्लिसरॉल आणि ग्लुकोज पेशींच्या आतले पाणी गोठू देत नाहीत. बर्फ होतो तो पेशींच्या बाहेर. उणे सहा अंशांत काही दिवस काढून तो पुन्हा वितळून उडी मारतो. मात्र उणे वीसला पोचणाऱ्या हिवाळ्यात त्याला वरच्या पानांचा आणि बर्फाचा थर लागतोच. नोव्हेंबरमध्ये लीफ ब्लोअर घेऊन अंगणाचा कानाकोपरा चकाचक करणाऱ्या शेजाऱ्याला हे सांगून पाहावे. निदान कुंपणाकडेचा एक पट्टा तरी तो सोडेल.

अमेरिकेत मुलांकडे सहा महिने राहायला जाणाऱ्या आजी-आजोबांसाठी, तिकीट काढण्याआधी, मोसमाचा हिशेब असा. एप्रिलअखेरीस पोचले तर उत्तरेकडे पहिल्या हाकांना थोडा अवकाश असतो, तोवर पाइप बांधून घ्यावेत. मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत हाकांची गर्दी. रेकॉर्डिंग सगळे यात उरकावे. जुलै-ऑगस्टमध्ये बोटाच्या नखाहून थोडी मोठी, पोपटी हिरवी पिल्ले तळ्याकाठच्या पानांवर दिवसाढवळ्या बसतात, आणि मॅक्रो फोटोसाठी याहून सोपे दिवस वर्षात नाहीत. सप्टेंबरमध्ये हाका तुरळक, त्याही दुपारच्या आणि झाडावरच्या. तेव्हा सुतार पक्ष्याचा संशय आधी फेडून घ्यावा.